नीराचं बारसं

नीराचं बारसं आम्ही दुपारच्या चहाच्या वेळी केलं. इन्क्युबेटरला पाळणा म्हणायचं ठरलं होतं आणि आत्या अर्थातच आमच्या लॅबच्या प्रमुख, पारसनीस मॅडम.

“मॅडम, पण डिशला कान कुठं असतो?” रफीकने विचारलं.

“तू घुगऱ्यांकडे बघ. मागच्या वेळी मीठच विसरला होतास,” मॅडम म्हणाल्या, आणि वाकून इन्क्युबेटरच्या काचेच्या दाराला तोंड लावून त्यांनी अगदी साग्रसंगीत ‘कुर्रर्र’ केलं. “नीरा! तुझं नाव नीरा!”

मग रीतीप्रमाणे सगळ्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. एरवी ज्या बाईसमोर आवाज चढवायची कोणाची टाप नव्हती, तिच्या पाठीत हात घालायची ही वर्षाकाठची एखादीच संधी, त्यामुळे पोरं ती सोडत नसत. माझी पाळी आली तेव्हा मी नुसता पाठीला हात लावला.

“अगं, मार की! रक्त तुझं, आणि मारायला लाजतेस?” मॅडम म्हणाल्या.

“तुमच्या पाठीत मी कशी मारणार, मॅडम?”

“कठीण आहे तुझं,” त्या हसल्या.

रक्त खरंच माझं होतं. पुण्यात टेकडीला लागून असलेल्या त्या संस्थेत आमची लॅब माणसाच्या मेंदूचे इवले गोळे वाढवत असे. रक्तातल्या पेशी घ्यायच्या, त्यांना फिरवून पार गर्भातल्या अवस्थेपर्यंत मागे न्यायचं, म्हणजे त्या मूलपेशी होतात. मग त्या मूलपेशींना मेंदूच्या वाटेला लावायचं. दोन-तीन महिन्यांत डिशमध्ये वाटाण्याएवढे गोळे तरंगायला लागतात. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. ते विचारबिचार काही करत नाहीत, पण आईच्या पोटात बाळाचा मेंदू सुरुवातीला कसा घडत जातो ते त्यांच्यात दिसतं. जन्मतःच डोकं लहान राहिलेल्या काही मुलींचं रक्त आमच्याकडे होतं. त्यांचे गोळेही लहानच राहत. ते का, हे शोधायचं तर शेजारी तुलनेला एका निरोगी बाईचा गोळा हवा. निरोगी बाई कुठून आणायची? सगळ्या लॅब जिथून आणतात तिथून. मॅडमनी आजूबाजूला बघितलं आणि म्हणाल्या, “ऊर्मिला, बाही वर कर.”

रक्त कोणाचं ते कळू नये असा नियम, म्हणून आमच्याकडे पेशींच्या प्रत्येक कुळाला, म्हणजे लाइनला, नदीचं नाव देत. नियम नियमाच्या जागी. भीमा म्हणजे मिरजेचा रफीक मुजावर हे कँटीनच्या पोऱ्यालाही ठाऊक होतं, आणि नीरा म्हणजे मी.

त्या दिवशी घुगऱ्यांची वाटी माझ्या हातात देताना मॅडम हळूच म्हणाल्या, “पुढचं बारसं तुझ्या घरी. तिथंही आत्या मीच.”

त्यांना माहीत होतं. माझं पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माझी आई लहानपणीच गेलेली. मी मॅडमवर जीव टाकत होते, हे आज लिहितानाही संताप येतो.

नीरा गुणी निघाली. तिचे गोळे सारखे, गुबगुबीत, वेळच्या वेळी थर धरणारे. बाहेरच्या लॅबमधून मागणी यायला लागली. “तुझी लेक बोर्डात आली,” असं मॅडम सगळ्यांदेखत म्हणत, आणि मी मूर्खासारखी खूश होत असे.

दुसरं मूल गेलं ते लॅबमध्येच. मॅडमनीच त्यांच्या गाडीत घालून मला दवाखान्यात नेलं. सतेज, माझा नवरा, तेव्हा कामासाठी नाशिकला होता. तो येईपर्यंत त्या माझ्या उशाशी बसून होत्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टर सबनीसबाई राउंडला आल्या.

“दोनदा झालं म्हणजे आता नवरा-बायको दोघांची गुणसूत्रं तपासून घेऊ. कधीकधी तिथं गडबड असते. वरून माणूस ठणठणीत दिसतो.”

मॅडम सफरचंद कापत होत्या. सुरी न थांबवता त्या म्हणाल्या, “हिची झालीये की.”

“कुठं?”

“आमच्याकडे. हिच्या रक्तापासून आम्ही मूलपेशी केल्यात. लाइन तयार झाली की पहिली तपासणी गुणसूत्रांचीच असते. नॉर्मल आहे.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हो ना गं? तुझ्या गुणसूत्रांचा तर फोटोसुद्धा आपल्या रिसर्च पेपरात छापून येणारे.”

मी मान हलवली. मला त्या अवस्थेतही बरं वाटलं होतं. जगातल्या किती बायकांची गुणसूत्रं अशी निगुतीने तपासलेली असतात? ज्या संस्थेत आम्ही दिवसरात्र हेच करतो तिचं सोडून गल्लीतल्या पॅथॉलॉजीवर का विश्वास ठेवायचा? लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसालाच हे असं वाटू शकतं. दुसरी कुठलीही बाई मुकाट्याने हात पुढे करून रक्त देऊन आली असती.

डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “मग मिस्टरांची तेवढी करा.”

सतेजची केली. तीही नॉर्मल. पण माझी बाजू ‘पेपरात छापून येण्याइतकी’ साफ म्हटल्यावर घरातल्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. त्याच्या आत्याने कुठल्याशा वैद्याचे काढे पाठवले. तो नाक दाबून प्यायचा. सिगारेट सोडली. टाइट जीन्स सोडल्या. एकदा भांडणात मी त्याला म्हटलं, “माझ्यात काही नाहीये, ते सिद्ध झालेलं आहे.” तो उठून गेला आणि तो काढा पिऊन आला.

तिसरं मूल पाचव्या महिन्यापर्यंत राहिलं. आम्ही नावंसुद्धा काढायला लागलो होतो. ते गेलं तेव्हा रक्त थांबेना, आणि मला वाचवायचं तर पिशवी काढण्यावाचून इलाज नाही असं डॉक्टरांनी सतेजला सांगितलं. त्याने सही केली. मी शुद्धीवर आले तेव्हा तो आणि मॅडम दोघंही पलंगाशी उभे होते. मॅडम रडत होत्या. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

सुट्टी संपायच्या आधीच मी लॅबला जायला लागले. घरी करणार काय? तिथे निदान नीराला रोज खाणं घालावं लागायचं.

त्याच सुमारास जर्मनीतल्या एका मोठ्या लॅबने नीरा मागितली. सोबत गुणसूत्रांची ताजी तपासणी जोडा, असं त्यांनी कळवलं होतं.

“जुना फोटो जोड,” मॅडम म्हणाल्या. “परत कुठं घोळ घालत बसतेस? तुझी तब्येत बघ आधी.”

मी हो म्हटलं, आणि तरीही तपासणी करायला घेतली. संशय वगैरे काही नव्हता. संध्याकाळी लवकर घरी जायचं नव्हतं, एवढंच. पेशी विभागायला निघाल्या की त्यांना मधेच थोपवायचं, पाणी देऊन फुगवायचं, काचेवर उंचावरून थेंब सोडायचा, रंग द्यायचा. मग मायक्रोस्कोपखाली पट्ट्यापट्ट्यांचे तुकडे विखुरलेले दिसतात. त्यांच्या जोड्या लावायच्या. पूर्वी हे काम रफीक करायचा. तो हैदराबादला निघून गेल्यापासून आम्ही ते टाळतच होतो.

जोड्या लावताना दोन ठिकाणी माझ्या जोड्या जमेनात. एका गुणसूत्राचं टोक तोकडं, दुसऱ्याचं लांब. पट्टे नीट बघितले तर तोकड्याचा गेलेला तुकडा लांबट्याच्या टोकाला चिकटलेला, आणि त्याचा ह्याला. दोघांनी आपापली टोकं बदलून घेतली होती. काही हरवलं नव्हतं, काही वाढलं नव्हतं, नुसती अदलाबदल.

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? अरे देवा, नीरा बिघडली. आमच्या धंद्यात तेच वाटतं. पेशी डिशमध्ये फार दिवस वाढल्या की त्यांच्यात असल्या भानगडी होतात. मग ती डिश फेकायची आणि गोठवलेल्या जुन्या कुपीतून ताज्या पेशी काढायच्या. मी नायट्रोजनच्या टाकीतून नीराची सगळ्यात पहिली कुपी काढली, बारशाच्या आठवड्यातली. तिच्यातल्या पेशी वाढवल्या आणि बघितल्या.

तेच. प्रत्येक पेशीत तेच.

मी रफीकला फोन लावला.

“बोला ताई! कशी आहे तब्येत?” त्याचा आवाज नेहमीसारखा मोकळा होता.

“रफीक, नीराची पहिली तपासणी तूच केली होतीस ना?”

तो आवाज खाली आणून म्हणाला, “ते टोकांचं बघितलंत व्हय?”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“पहिल्या खेपेलाच दिसलं होतं की. मॅडमना दाखवलं. म्हणाल्या, डिशमधलं आहे, घेऊ काढून दुसरी. मी म्हटलं, सगळ्याच पेशींत हाय म्हटल्यावर डिशमधलं कसं असंल? ऊर्मिलाताईंचं रक्त परत घेऊ, खातरी होईल. म्हणाल्या, तुझ्या कामाचं बघ.”

“मग पेपरात छापला तो फोटो?”

“तो माझा.”

“तुझा म्हणजे?”

“भीमाचा. माझ्या रक्ताचा. कोपऱ्यात शेवटची जोडी बघा, वाय दिसंल. छापून आला तरी कुणाच्या ध्यानात नाही आलं. त्याच पायी सोडली मी लॅब. ताई, मला वाटलं, त्यांनी तुम्हाला तरी सांगितलं असेल. तुमचंच रक्त ते. न सांगता कसं राहील माणूस?”

मी पेपर उघडून कोपऱ्यातली शेवटची जोडी बघितली. एक मोठं, एक चिमुकलं. पुरुषाचं. हा फोटो मी कितीदा तरी लोकांना दाखवला होता, माझा म्हणून.

मग मी माझंच रक्त काढलं. डाव्या हाताने उजव्या दंडाला पट्टा बांधता येईना म्हणून तो दातात धरला. त्या पेशी काचेवर यायला तीन-चार दिवस लागतात. त्या दिवसांत मी रोज नेमाने स्वयंपाक केला, सतेजशी पावसापाण्याचं बोलले, आणि त्याला काहीएक सांगितलं नाही. खात्री नव्हती. आणि खात्री नसताना एखाद्याला काही सांगायचं नसतं, हे मला शिकवलं होतं तेही मॅडमनीच.

रक्तातही तेच होतं. जन्मापासूनचं.

अशा माणसाला स्वतःला काही होत नाही. सगळा माल जागेवर असतो, फक्त कप्पे बदललेले. पण मूल होताना आईने आपल्यातलं अर्धं द्यायचं असतं, आणि त्या वाटणीत कधी एखादा तुकडा जास्त जातो, कधी जातच नाही. मग ते मूल टिकत नाही. कळलेलं असलं की त्यावर इलाज असतो. गर्भ बाहेर तयार करायचे, तपासायचे, ज्याची वाटणी नीट झाली आहे तोच पोटात ठेवायचा. आमच्या संस्थेपासून रिक्षाने जाता येईल अशा अंतरावर दोन दवाखान्यांत ते करत होते.

मी मॅडमच्या खोलीत गेले. त्या काहीतरी टाइप करत होत्या.

“ये. जर्मनीचं पार्सल गेलं का?”

“नाही. नीराची गुणसूत्रं बघितली मी.”

“तुला जुना फोटो जोड म्हटलं होतं ना?”

“जुना फोटो रफीकचा आहे. त्यात वाय आहे, मॅडम.”

त्यांची बोटं थांबली. “हे बघ ऊर्मिला, डिशमध्ये असं होतं. तुला का सांगायला हवं?”

“माझ्या रक्तातही आहे.”

“काय?”

“ह्या आठवड्यात मी माझं रक्त तपासलं.”

त्यांनी चष्मा काढला. पदराने पुसला, पुन्हा घातला नाही. “देवाशपथ सांगते, मला माहीत नव्हतं.”

“रफीकने सांगितलं होतं तुम्हाला. हिचं रक्त परत तपासू म्हणाला होता.”

“हो, म्हणाला होता.”

“मग का नाही तपासलंत?”

“तपासलं असतं तर कळलं असतं ना!”

हे त्या वैतागून बोलल्या. एखाद्या मठ्ठ विद्यार्थ्याला साधी गोष्ट समजावून सांगताना बोलत तशा. बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं असावं. त्या खिडकीकडे बघायला लागल्या.

“कळलं असतं तर नीरा बाद झाली असती,” त्या जरा वेळाने म्हणाल्या. “नव्याने सगळं. तीन मुलांचे प्रबंध तिच्यावर उभे होते. तुझाही.”

“आणि सबनीसबाईंना? मी पलंगावर पडलेली असताना तुम्ही त्यांना सांगितलंत, हिची नॉर्मल आहेत म्हणून.”

“पेपर तेव्हा नुकताच पाठवला होता गं. त्यांनी तपासलं असतं, काही निघालं असतं, ते तू मला येऊन सांगितलं असतंस, मग मी काय केलं असतं? आणि मला खरंच वाटत होतं की तो डिशमधलाच दोष असणार. बहुतेक वेळा तोच असतो.”

“बहुतेक वेळा.”

“मी तुझ्यासाठी काय कमी केलं, ऊर्मिला? रात्र रात्र बसलेय तुझ्या उशाशी.”

“बसला होतात,” मी म्हटलं. “माझं मूल का जातंय हे तुमच्या टेबलाच्या खणात होतं, आणि तुम्ही मला सफरचंद कापून देत होतात.”

त्या रडतील असं मला वाटलं. रडल्या नाहीत. चष्मा घालून त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, आणि अगदी कामाच्या आवाजात विचारलं, “तू आता नीरा मागे घेणार का?”

एवढंच. त्यांना फक्त तेवढंच विचारायचं होतं.

“हो,” मी म्हटलं.

सतेजला मी स्वयंपाकघरात सांगितलं. तो चहा करत होता. सगळं सांगेपर्यंत चहा उकळून उकळून काळा झाला. त्याने गॅस बंद केला नाही.

“म्हणजे आपल्याला झालं असतं?” त्याने विचारलं.

“झालं असतं.”

“म्हणजे मी त्या दिवशी दवाखान्यात सही केली, तेव्हा...”

“ते आधी कळलं असतं तर तो दिवस आलाच नसता.”

त्याने पातेलं उचलून सिंकमध्ये ओतलं. मग ओट्यावरच्या फळीवर काढ्याची अर्धी बाटली अजून तशीच होती ती घेतली आणि तीही ओतली. नळ सोडून कितीतरी वेळ ती बाटली विसळत राहिला. तो आणि मी अजून एकत्र राहतो. त्या दिवसाबद्दल पुन्हा बोललेलो नाही.

मी तक्रार केली. संस्थेने समिती नेमली. समितीत मॅडमचेच जुने मित्र होते, चांगली माणसं, मला पाणी-बिणी विचारणारी. त्यांनी लिहिलं, की नियमपालनात त्रुटी राहिली असली तरी हेतू वाईट नव्हता. पेपरात एका ओळीची दुरुस्ती छापून आली, फोटो चुकून दुसरा लागला म्हणून. लॅबमधल्या नीराच्या कुप्या मी स्वतः उकळवून फेकल्या. बाहेर गेलेल्या परत मागवता येत नाहीत, असं मला सांगण्यात आलं. कुठे कुठे तिचे मेंदू वाढत असतील, निरोगी बाईचे म्हणून.

मी राजीनामा दिला, पण नियमाप्रमाणे त्यानंतरचा महिना मला भरून द्यावा लागला. त्याच महिन्यात नवी लाइन तयार झाली. रक्त श्रियाचं, नुकत्याच लागलेल्या एका मुलीचं. तिला मी आधी बाहेरच्या पॅथॉलॉजीत स्वतः घेऊन गेले होते आणि तिची तपासणी करून आणली होती. ती बिचारी विचारत होती, “ताई, कशाला पण? लॅबमध्ये होणारच आहे ना?”

नाव ठरलं कोयना. शेवटच्या आठवड्यात बारसं. मी जाणार नव्हते. पण श्रिया हात धरून घेऊन गेली. तिला काहीच माहीत नव्हतं. कोणालाच नीट माहीत नव्हतं. समितीने गोपनीयता पाळायला सांगितली होती, आणि ती मात्र सगळ्यांनी चोख पाळली.

घुगऱ्या झाल्या होत्या. मॅडम इन्क्युबेटरशी वाकल्या. केस बरेच पिकले होते. काचेला तोंड लावून त्यांनी ‘कुर्रर्र’ केलं. “कोयना! तुझं नाव कोयना!”

पोरांनी धपाटे घालायला सुरुवात केली. मॅडम “अरे, पुरे, पुरे” म्हणत वाकलेल्याच होत्या. मागे कोण उभं आहे ते त्यांना दिसत नव्हतं.

“ऊर्मिलाताई राहिल्या!” श्रिया ओरडली. “ताई, मारा ना!”

मी हात उचलला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून त्यांच्या पाठीत घातला. मॅडमचं कपाळ काचेवर आपटलं. त्या तशाच दाराला धरून राहिल्या, मग सावकाश वळल्या आणि त्यांनी मला बघितलं. माझा पंजा झणझणत होता.

सगळे खो-खो हसत होते. रीतच होती ती. कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मॅडमनी कपाळाला हात लावला, आणि मुलं बघत होती म्हणून त्यांनाही हसावं लागलं.